चार बोटांवरची भेग

आमचे सर वर्गात शिरले की आधी छताकडे बघत, मग खांबांकडे, आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडे. आम्ही उभं राहून म्हटलेलं "गुड मॉर्निंग सर" बहुतेक खांबांनाच पोचायचं. खांब ठीक दिसले तर सर खाली बसायला सांगत. नाही दिसले तर हातातला खडू खिशात ठेवून खांबाजवळ जात, त्यावरून हात फिरवत, आणि आम्ही तसेच उभे.

नव्या मुलाला ते नाव विचारत नसत. दहावीचे मार्कही विचारत नसत, आणि त्या काळात लातुरात मार्क न विचारणारा माणूस शोधून सापडला नसता. खाणावळवाल्या मावशीसुद्धा डबा ठरवायच्या आधी टक्केवारी विचारत. सर मुलाला फळ्याकडे तोंड करून उभं करत आणि मागून विचारत, "दार कुठंय?"

मान वळवायची नाही. हातानं दाखवायचं.

मी मुखेडहून आले त्या दिवशी छातीठोकपणे उजवीकडे हात केला होता.

"ती खिडकी हाय," सर म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावरून उडी मारतीस का? बस. उद्या परत विचारीन."

त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं. पुढेही अधूनमधून विचारत राहिले. लेन्सचं सूत्र लिहिता लिहिता मध्येच थांबून, पाठमोरेच, "ए पोरी, डोळे मीट. दार कुठंय?" मुलं त्यांना भेगसर म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "खांबसर म्हणले असते तर बरं वाटलं असतं," एवढंच त्यांनी एकदा बोलून दाखवलं.

मी त्र्याण्णवचा भूकंप पाहिलेला नाही. म्हणजे मी होते, पण आईच्या कडेवर. आमच्या मुखेडला भांडी पडली, एक भिंत गेली, बाकी निभावलं. पण मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या सगळ्या पोरांनी भूकंप कानांनी पाहिलेला आहे. त्यानंतर लोकांनी महिनोन्‌महिने घराबाहेर झोपून काढले. घरात गेलं तरी उपड्या फुलपात्रावर ताटली, ताटलीवर चमचा असं काहीतरी रचून ठेवायचं, म्हणजे जमीन हलली तर आवाज होईल. हळूहळू सगळ्यांनी ते मोडलं, फुलपात्रं पुन्हा पाणी प्यायला घेतली. सरांनी मोडलं नव्हतं. क्लासच्या स्टाफरूममध्ये त्यांच्या टेबलावर ते रचलेलं असायचं. कुणी जोरात दार लावलं की चमचा खणकन पडायचा आणि सर जिन्याच्या तोंडाशी दिसायचे. बाकीचे शिक्षक हसायचे. सर परत येऊन चमचा पुन्हा ठेवायचे. हसणाऱ्यांवर कधी रागावल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं घडत होतं त्या लातुरात तेव्हा एकावर एक मजले चढत होते. त्या पिसाट मजल्यांबद्दल मी आजही शांतपणे लिहू शकत नाही. बारावीच्या निकालांचा 'लातूर पॅटर्न', पॅटर्न म्हणून गाव वेडं झालं होतं. गोठ्यांचे हॉल झाले, गच्च्यांवर वर्ग चढले, एका खोलीत चार कॉट टाकून पोरं भरली. ज्या जमिनीनं पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माणसं गिळली होती तिच्याच अंगावर हे चाललं होतं, आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. चौकाचौकात पास झालेल्या पोरांचे फ्लेक्स. आमच्या क्लासच्या इमारतीवरही तिसरा मजला चढत होता. आम्ही खाली आइनस्टाइन शिकायचो आणि वर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या जायच्या.

फ्लेक्ससाठी डायरेक्टर साहेबांनी एक भारी डिजिटल कॅमेरा आणला होता, भिंग काढता-घालता येणारा. "सर, भिंगाचं तुम्हालाच कळतं," म्हणून तो सरांच्या ताब्यात दिला. गुणवंतांचे फोटो काढायचं काम सरांकडे आलं. ते गुणवंताला खांबापासून लांब उभं करत.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन वर आले, तर सर बाकावर बसून, त्या कॅमेऱ्याचं भिंग बाजूला काढून, त्याच्या तोंडावरचं काळं झाकण कानशीनं घासत होते. झाकणाला मधोमध भोक पाडलेलं. वास येत होता, म्हणजे खिळा तापवून पाडलं असणार. शेजारी रुमालावर एक लाल प्लॅस्टिकचा कॅमेरा पडला होता. जत्रेत मिळतो तसला, खेळण्यातला, पण रोल घालता येणारा. पाठ चेपलेली. त्याचं भिंग काढून घेतलं होतं. शर्टाच्या बटणाएवढं, प्लॅस्टिकचंच.

"काय करायलात, सर?"

"कलम," सर म्हणाले. "ह्याचा डोळा त्याला."

नळ गळायला लागला की लावतात ती पुट्टी त्यांनी बोटांनी मळली, भोकाच्या कडेनं बसवली आणि त्यात ते बटण अलगद दाबलं. श्वास धरून. क्लासचा कॅमेरा, त्याच्या आत काही सांडलं, खुपसलं गेलं तर नोकरीवर बेतणार हे दोघांनाही कळत होतं. मी दाराकडे बघत उभी राहिले.

"कुणाचा आहे हा?" मी लाल कॅमेऱ्याकडे बोट केलं.

पुट्टी सुकेपर्यंत त्यांनी सांगितलं. एरवी सूत्र सांगत तसंच, सपाट आवाजात.

आधी ते किल्लारीकडच्या एका गावात शाळेवर होते. गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी ते फळ्यावर लिहीत असताना मागून खट्‌ असा आवाज झाला. सातवीतल्या एका मुलीनं जत्रेतला कॅमेरा आणला होता आणि सरांचाच फोटो काढला होता. सरांनी तो काढून घेतला आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात टाकला. शाळा सुटताना ती टेबलाजवळ आली. "सर, उद्या विसर्जनाचा फोटो काढायचाय. देता का?"

"मी म्हणलं, सहामाही झाल्यावर."

विसर्जनाच्या रात्रीनंतर सहामाही झालीच नाही. शाळेचं छत रिकाम्या बाकांवर येऊन बसलं. टेबल चेपलं, पण ड्रॉवर राहिला. कॅमेरा पावसात सापडला. आतल्या रोलचा लगदा झालेला, शटर गेलेलं. भिंग तेवढं शाबूत. मुलगी कुठे सापडली ते सरांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

"लोक म्हणतात, बरं झालं रात्री झाला, शाळा रिकामी होती," सर म्हणाले. "मला त्यातलं बरं झालं कळतच न्हाई. ती घरी होती आन्‌ शाळा रिकामी होती."

मग म्हणाले, "तिला फळा कसा दिसला आसंल, तेवढं बघायचंय. मी कसा दिसलो आसंल."

झाकण कॅमेऱ्यावर बसवून ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मला फळ्यापाशी उभं केलं. "लिही कायतरी." मी लिहिलं. खट्‌. सर पडद्याकडे बघत राहिले, मी धावत गेले. पडद्यावर नुसतं धुकं होतं. फळा नाही, मी नाही, खिडकीचा उजेड तेवढा दुधासारखा पसरलेला.

सरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागले. "वर्षातून दोन डाव शिकवतो मी हे! काहून इसरलो?" खेळण्यातला कॅमेरा पातळ. त्यात भिंग रोलच्या अगदी जवळ असतं. ह्या जाड्या कॅमेऱ्यात मध्ये आरसा, आरशाला हलायला जागा, त्यामुळे भिंग लांब राहतं. लांब राहिलं की दूरचं दिसत नाही. भिंग आत सरकवावं तर आरसा फुटणार. म्हणजे त्या मुलीला दिसलेला फळा पुन्हा दिसायचा रस्ताच नव्हता. सर हसत होते, पण मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग सवयीनं त्यांनी भिंगासमोर हात धरला. खट्‌. पडद्यावर त्यांच्या अंगठ्याची एकूण एक रेष आली, मधोमध लख्ख, कडेला वितळत गेलेली.

"चार बोटांवरचंच दिसतं हिला," सर म्हणाले. भिंगाला ते तेव्हापासून 'हिला' म्हणू लागले. आणि उठून थेट खिडकीकडच्या खांबापाशी गेले.

त्या खांबाला एक भेग होती. केसाएवढी. सर ती महिनाभर बघत होते. तिच्यावर त्यांनी प्रयोगशाळेतली काचेची स्लाइड आडवी चिकटवली होती, दोन्ही टोकांना प्लॅस्टर लावून. खांब हलला तर काच तुटणार, हे त्यांनी आम्हाला रीतसर शिकवलं होतं. डायरेक्टर साहेब येताजाता विचारत, "काय, आमचे भूकंपतज्ज्ञ, तुटली का काच?" सर म्हणत, "अजून न्हाई, साहेब," आणि त्यांचा चेहरा असा होई की न तुटणं हाच त्यांना मोठा घोर आहे.

त्या दिवसापासून रोज वर्गाआधी चार बोटांवरून एक फोटो. खट्‌.

वरच्या मजल्याचा स्लॅब ओतला गेला, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी काच तुटलेली होती.

आम्ही सगळे भोवती जमलो. मला वाटलं होतं, सर आता ओरडतील. ते पांढरे पडले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "कुणी डस्टर मारला का? खरं सांगा. मी रागावणार न्हाई. मारला आसंल तर मला लई आनंद होईल."

कुणी मारला नव्हता. निदान कुणी कबूल झालं नाही. सरांनी फोटो काढला. काच बरोबर भेगेच्या रेषेवर दुभंगली होती आणि दोन तुकड्यांमध्ये फट होती.

डायरेक्टर साहेब म्हणाले, "पोरांनीच फोडली. आणि हा कुठला फोटो? सगळं वितळलेलं." दुसऱ्या दिवशी त्या खांबावर वरपासून खालपर्यंत गुणवंतांचा फ्लेक्स ताणला. भेग एका गुणवंताच्या हनुवटीखालून गेली.

आता माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील कचेरीत कारकून, आणि रविवारी पत्रकं काढणारे. जयंतीची वर्गणी कुठे गेली, वस्तीचा नळ का आला नाही, शिष्यवृत्ती कुणी अडवली, सगळ्यावर पत्रक. मी अक्षरं त्यावरच शिकले. 'धिक्कार' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी लिहिता येत होता. वडिलांचा एकच नियम होता: खाली नाव घालायचं. निनावी पत्रक म्हणजे भिंतीवर थुंकणं.

मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'विद्यार्थ्यांनो, जागे व्हा! शिक्षणाच्या नावाखाली नरबळी!' अशी सुरुवात होती. डायरेक्टर साहेबांना मी नराधम म्हटलं होतं, आणि आणखी एका ठिकाणी रक्तपिपासू.

सरांनी ते उभ्यानं वाचलं आणि लाल पेन काढलं.

"नराधम काढ."

"का, सर?"

"तो नराधम न्हाई. त्याची पोरगी हितंच बसते, तिसऱ्या बाकावर. नराधम आसता तर तिला दुसऱ्या क्लासला घातली आसती. त्याला दिसतच न्हाई. लांबचं बघायची सवय लागलीय."

रक्तपिपासू गेलं. नरबळी गेलं. उद्गारचिन्हं त्यांनी एकेक करून, उवा माराव्यात तशी मारली. मी चिडून म्हणाले, "सर, मग उरलं काय? लोक घाबरायला नकोत का?"

"घाबरवू नको. घाबरलेली माणसं जिन्यात चेंगरतात. बघायला लाव."

शेवटी उरलं ते हे: 'हॉल नंबर दोनच्या खिडकीकडच्या खांबाला भेग आहे. तिच्यावर लावलेली काच तुटली आहे. कशाने तुटली ते आम्हाला नक्की माहीत नाही. कळेपर्यंत आत बसू नये असं वाटतं.'

"नक्की माहीत नाही?" मी ओरडलेच. "पत्रकात असं कुणी लिहितं का?"

"मला खरंच माहीत न्हाई, पोरी. माहीत आसतं तर भ्या वाटलं नसतं."

खाली त्यांनी त्यांचं नाव लिहिलं. मी पेन मागितलं. "तुझी बारावी हाय," ते म्हणाले. मी वडिलांचा नियम सांगितला. त्यांनी पेन दिलं, पण देताना ते सोडायला त्यांच्या बोटांनी फार वेळ घेतला.

रविवारी पालकसभा होती. रेणापूर, अहमदपूर, कुठून कुठून आई-बाप एसटीनं आले होते, पोरं त्यांच्याशेजारी बसली होती, हॉल नंबर दोन भरला होता. फाटकात मी त्यांच्या हातात कागद देत होते. एका बाजूला चार ओळी, दुसऱ्या बाजूला फोटो. जी गोष्ट टळावी म्हणून कागद वाटत होतो तीच आता, सगळे आत असताना घडली तर? मी जिन्यात उभी राहून आवाज ऐकत होते. वर कुणी काहीतरी ओढलं की मी सरांसारखी छताकडे बघायचे.

सभा सुरू झाली तशी मी हॉलच्या दारात येऊन उभी राहिले. डायरेक्टर साहेबांनी कागद हातात घेऊन फडकवला. "पालकहो, आमचे एक शिक्षक जरा हळवे आहेत. हा फोटो कशानं काढलाय माहितीये? पोरांच्या खेळण्यातल्या भिंगानं! कडा बघा, सगळं धुकं. ह्याला पुरावा म्हणायचं?"

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. सर भिंतीशी उभे होते. ते म्हणाले, "साहेब बरोबर बोलतायत. भिंग खेळण्यातलंच हाय."

माझा संताप झाला. आता तरी भांडा, असं ओरडावंसं वाटलं.

पहिल्या रांगेत रेणापूरकडची एक बाई बसली होती, मुलीला शेजारी घेऊन. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ आणला. मग उठली, खांबापाशी गेली आणि फ्लेक्सची कड धरून ती वर उचलली. गुणवंत दुमडले गेले. बाईनं भेगेवर बोट ठेवलं. सर ठेवत तसंच.

"कडंला काय का आसंना, साहेब," ती म्हणाली. "मधी काय हाय ते आमाला वळकू येतं. आमी पत्र्याच्या शेडात दिवस काढलेत. आमच्या घराची भित आशीच बोलली होती आधी. आमाला कुणी कागद दिला न्हाई." आणि मुलीकडे वळून, "ऊठ गं. दप्तर घे."

बाकं सरकल्याचा आवाज आला. कुणी घोषणा दिली नाही, कुणी धावलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी वाद घातला असता, फी परत मागितली असती, इंजिनिअर आणा म्हटलं असतं. इथे सगळे नुसते उठले. सर दारात उभे राहून म्हणत होते, "सावकाश. भिंतीकडनं. एकामागं एक." मुलांना दार विचारावं लागलं नाही. सगळ्यात शेवटी डायरेक्टर साहेबांची मुलगी उठली. ती वडिलांपाशी थांबली, त्यांचा हात धरून ओढत म्हणाली, "पप्पा, चला ना." ते गेले.

नंतरचं थोडक्यात. क्लास एका मंगल कार्यालयात हलला, पत्र्याच्या छताखाली. पंख्यांच्या आवाजात आम्ही बारावी झालो. सरांना 'पुढच्या सत्रापासून येऊ नका' सांगितलं. मला कुणी काही बोललं नाही. त्या इमारतीच्या खांबाला पुढे लोखंडी पट्ट्या घातल्या की नुसता रंग मारला, मला कळलं नाही. ती अजून उभी आहे. तिच्यात आता दुसरा क्लास आहे. मी लातूरला गेले की त्या रस्त्यानं जाते, आणि ती उभी दिसली की सुटकाही होते आणि धसकाही बसतो. सरांचं बरोबर होतं की चूक, ह्याचं उत्तर मला कधीच नको आहे, कारण ते एकाच प्रकारे मिळू शकतं.

काही वर्षांनी मी नांदेडला कॉलेजात होते. सर तिथे एका शाळेत लागले होते, एकमजली, हे त्यांनी आवर्जून कळवलं. मी भेटायला गेले. एक खोली, पुढे अंगण. त्यांची खुर्ची दाराला लागून. शर्टाच्या खिशात ते भिंग बसवलेलं झाकण. आता ते नुसतं डोळ्याला लावून भिंती बघत. मी माझी नवी पत्रकं दाखवली. त्यांनी एक झाकणातून वाचलं. "उद्गारचिन्ह एकच हाय. सुधारलीस," म्हणाले. मी हसून मागे रेलले, आणि माझं कोपर टेबलाला लागलं.

चमचा पडला. मग ताटली.

मला पुढचं नीट सांगता येत नाही. माझं मनगट सरांच्या मुठीत होतं आणि आम्ही अंगणात होतो. एवढा वाळलेला माणूस, पण माझे पाय जमिनीला लागले की नाही ते मला आठवत नाही. शेजारची बाई धुणं वाळत घालता घालता बघत होती. सरांचा श्वास फुलला होता.

"सर, हललं नाही काही," मी म्हणाले. "माझं कोपर लागलं."

त्यांनी मान हलवली. कळलं, अशा अर्थानं. पण मनगट सोडलं नाही. दाराकडे बघत होते.

"आत कुणी राहिलं?"

"कुणी नाही, सर. आपण दोघंच होतो."

"बघून ये."

मी आत गेले. एवढीशी खोली. मी कॉटखाली वाकून बघितलं, मोरीत बघितलं, दारामागे बघितलं. फळीवर तो लाल कॅमेरा होता, समोर भोक असलेला, पुसून ठेवलेला. मी फरशीवरची ताटली उचलली, फुलपात्रावर ठेवली, तिच्यावर चमचा ठेवला. मग बाहेर आले आणि सरांसमोर उभी राहिले.

"कुणी नाही, सर. सगळे बाहेर आहेत."

मग त्यांनी मुठीतलं झाकण खिशात ठेवलं आणि विचारलं, "चहा घेतीस का?"